सेलिब्रेट रिकव्हरी: चर्चमधल्या व्यसनमुक्ती ग्रुपचा रिव्ह्यू, घरच्या माणसाकडून

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार कशाचा ते खाली सविस्तर लिहिलंय, पण आधीच सांगते की तो प्रोग्रामपेक्षा तो चालवणाऱ्या चर्चेसच्या सवयींसाठी जास्त आहे.

आधी मी कोण ते. माझा धाकटा भाऊ दारूच्या व्यसनातून बाहेर पडतोय, त्याला सोबत म्हणून मी या मीटिंगला जायला लागले, मग तिथे घरच्यांसाठी वेगळा ग्रुप असतो हे कळलं आणि मी माझ्यासाठीच जायला लागले, आता दारात उभं राहून नवीन माणसांना आत घेऊन यायचं काम माझ्याकडे आहे. भावाला विचारूनच लिहितेय, त्याने वाचून हो म्हटल्यावरच टाकतेय. हे मुख्यतः अशा लोकांसाठी आहे ज्यांच्या चर्चमध्ये असं काहीतरी सुरू करायचं चाललंय, कारण पास्टर आणि कमिटीवाले पुस्तकं कुठली घ्यायची, गाणी कोण म्हणणार, हॉल केवढा लागेल हे सगळं विचारतात आणि ज्याच्यावर अख्खा ग्रुप उभा राहतो ते विचारायचं राहूनच जातं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेलिब्रेट रिकव्हरी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये सुरू झालं. सुरू करणारे जॉन बेकर स्वतः दारूच्या व्यसनातून आलेले. त्यांचं सांगणं असं होतं की अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे ग्रुप, त्यांच्या मीटिंगमध्ये येशूचं नाव घेतलं की लोक चेष्टा करायचे आणि चर्चमधल्या पुरुषांच्या ग्रुपमध्ये दारूचा विषय काढायची सोय नव्हती. दोन्हीकडे अर्धंच बोलता यायचं. मग त्यांनी आपले पास्टर रिक वॉरन यांना १३ पानी पत्र लिहिलं की चर्चमध्ये असं असं काहीतरी असायला पाहिजे, आणि पास्टर म्हणाले छान कल्पना आहे, तूच कर. बेकर २०२१ मध्ये वारले, पण प्रोग्राम हजारो चर्चेसमध्ये चालू आहे.

आत काय आहे तर एएच्याच बारा पायऱ्या म्हणजे व्यसनातून बाहेर पडायचे टप्पे, प्रत्येकीला बायबलचं वचन जोडलेलं, आणि त्याच्या बरोबरीने आठ तत्त्वं जी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या धन्यवचनांवर बसवलेली आहेत. पहिलं तत्त्व म्हणजे मी देव नाही, हे आता माझ्या हातात राहिलेलं नाही हे मान्य करणं, आणि त्याच्या जोडीला 'जे आत्म्याने दीन ते धन्य'. हे वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत आलेय, पण समोर एक माणूस थरथरत्या हाताने कप धरून 'मला नाही जमत हो' म्हणतोय तेव्हा ते जसं ऐकू आलं तसं कुठल्याच प्रवचनात ऐकू आलं नव्हतं.

मीटिंगच्या संध्याकाळचं स्वरूप साधारण ठरलेलं असतं. आधी शक्य असेल तिथे एकत्र जेवण, मग सगळ्यांची मोठी सभा ज्यात गाणी, प्रार्थना आणि एका आठवड्याला धडा तर एका आठवड्याला कुणाची तरी साक्ष म्हणजे स्वतःच्या आयुष्यातला अनुभव, त्यानंतर छोटे ग्रुप, पुरुषांचे वेगळे बायकांचे वेगळे, आणि शेवटी ज्यांना थांबायचंय ते गप्पा मारत थांबतात. याशिवाय दुसऱ्या एका दिवशी पायऱ्यांचा अभ्यास म्हणजे स्टेप स्टडी असते, ती बंद ग्रुपची असते, म्हणजे सुरुवातीला जे येतात तेच शेवटपर्यंत, मूळचे २५ धडे आणि चार पुस्तिका, सगळं करायला साधारण वर्ष जातं. खरं काम तिथे होतं. नुसत्या संध्याकाळच्या सभेला वर्षानुवर्षं येणारे पण स्टेप स्टडीला न बसणारे बरेच असतात, त्यांना बरं वाटतं पण फारसं काही बदलत नाही असं माझं स्पष्ट मत.

अजून एक, हे फक्त दारू आणि ड्रग्जवाल्यांसाठी नाहीये. जुगार, पॉर्न, राग, खाण्याचे प्रॉब्लेम, लहानपणी झालेले अत्याचार, आणि माझ्यासारखे लोक जे घरातल्या व्यसनी माणसाभोवती स्वतःचं आयुष्य बांधून बसलेत, सगळे एकाच सभेत बसतात. सुरुवातीला मला वाटलेलं हे काय खिचडी करून ठेवलीय. आता वाटतं हेच बरंय, कारण हॉलमध्ये शिरताना तुम्ही कशासाठी आलात ते कुणाला कळत नाही आणि पहिल्यांदा येणाऱ्यासाठी ती फार मोठी सोय आहे.

आता मुद्द्याचं. या प्रोग्राममधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे छोट्या ग्रुपचे पाच नियम. दर मीटिंगला ते मोठ्याने वाचून दाखवतात, जुन्या लोकांना पाठ झालेले असले तरी वाचतात. बोलायचं ते स्वतःच्या विचार-भावनांबद्दल आणि तीन ते पाच मिनिटांत. एकाचं चालू असताना मध्ये बोलायचं नाही, आपापसात चर्चा सुरू करायची नाही. आपण इथे एकमेकांना आधार द्यायला आलोय, दुरुस्त करायला नाही. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं. आणि शिवीगाळ नाही.

वाचायला साधं वाटतं. चर्चवाल्यांना यातलं दुसरं आणि तिसरं पाळणं किती अवघड जातं ते बसल्याशिवाय कळणार नाही. आपल्याला सवय काय, कुणी दुःख सांगितलं की लगेच वचन सांगायचं, उपाय सांगायचा, माझ्या मामांचंही असंच होतं म्हणून त्यांची गोष्ट सांगायची आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू. हे सगळं प्रेमानेच असतं. पण ज्या माणसाने वर्षानुवर्षं लपवून ठेवलेलं पहिल्यांदा तोंडातून बाहेर काढलंय त्याला त्या क्षणी आपण गप्प करत असतो, त्याने वाक्य पुरं करायच्या आत आपलं उत्तर तयार असतं.

एकदा आमच्या बायकांच्या ग्रुपमध्ये एक ताई बोलता बोलता रडायला लागल्या. टिश्यूचा बॉक्स मधल्या छोट्या टेबलावर होता, सगळ्यांच्या हाताच्या अंतरावर. मी उठून द्यायला निघाले तर शेजारच्या बाईने माझ्या मनगटावर नुसता हात ठेवला. कुणी उठलं नाही, कुणी पाठ थोपटली नाही. त्या ताई रडल्या, थांबल्या, स्वतःच हात लांब करून टिश्यू घेतला, नाक पुसलं आणि मग जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही पण ते आधीच्या सगळ्या बोलण्याच्या तळाशी असलेलं होतं. मीटिंग संपल्यावर बाहेर मात्र त्याच शेजारच्या बाईने त्यांना घट्ट मिठी मारली. नंतर मला समजावून सांगितलं की टिश्यू पुढे केला की समोरच्याला वाटतं आता आवरायला पाहिजे, लोक अवघडलेत. तेव्हापासून मला कळतं की शांत बसणं पण मायाच असते, आणि ती जमवायला सराव लागतो.

भावाचं म्हणणं असं की त्याला पहिले काही आठवडे देवाबद्दल काहीच वाटत नव्हतं, त्याला फक्त एवढं कळत होतं की इथे तो जे बोलतो त्यावर कुणी 'पण तू असं का केलंस' विचारत नाही. घरी आम्ही सगळे तेच विचारायचो.

गोपनीयतेच्या नियमाबद्दल जरा जास्त लिहिते कारण चर्चमध्ये तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात पवित्र चेहऱ्याने मोडला जातो. कुणी चहाडी करत नाही, 'अमक्यासाठी प्रार्थना करा हं, त्याचं परत सुरू झालंय' असं म्हणतात. झालं. प्रेयर ग्रुपच्या व्हॉट्सअॅपवर गेलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळीला माहीत. ग्रुप सुरू करणाऱ्यांनी हे तोंडावर सांगायला हवं की छोट्या ग्रुपमधलं काहीही प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा बाहेर जाणार नाही, पास्टरांकडेही नाही, पास्टरांच्या बायकोकडेही नाही. अपवाद एवढेच, कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका करणार असेल किंवा लहान मुलावर अत्याचाराचा प्रश्न असेल तर तिथे गप्प बसायचं नाही, आणि हे अपवाद पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत असले पाहिजेत, नंतर सांगितलं की फसवल्यासारखं होतं.

स्टेप स्टडीमधला कस लागतो तो चौथ्या पायरीला. स्वतःच्या आयुष्याची लेखी झडती घ्यायची. कागदावर पाच रकाने असतात: माणूस कोण, काय घडलं, त्याचा माझ्यावर काय परिणाम झाला, कशाचं नुकसान झालं, आणि शेवटचा, यात माझा भाग किती. पाचवा रकाना बघूनच लोक आठवडे आठवडे पुस्तिका उघडत नाहीत. पण इथे प्रोग्रामने एक फार समंजस गोष्ट केलीय, ज्यांच्यावर विशेषतः लहानपणी अत्याचार झालाय त्यांना सांगितलंय की त्या घटनेपुरता तुमचा काही भाग नव्हता, तिथे तुमची जबाबदारी शून्य. माझ्या ग्रुपमधल्या एकीने त्या रकान्यात 'माझा दोष नाही' असं पेनने लिहिलं आणि मग त्याच्याखाली तीनदा रेघ मारली. पाप, पश्चात्ताप, क्षमा हे शब्द आपण चर्चमध्ये सरसकट सगळ्यांना वाटतो, अत्याचार झालेल्यालाही तेच आणि करणाऱ्यालाही तेच. हा कागद तो फरक करतो.

मग पाचव्या पायरीला ते सगळं देवासमोर, स्वतःसमोर आणि एका माणसासमोर कबूल करायचं. त्या एका माणसासमोरवरच सगळं अडतं. याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच लिहिलंय की एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे बरे व्हाल, पण आपण त्यातलं एकमेकांजवळ सोडून बाकी सगळं करत आलोय.

इथे थोडा इतिहास सांगते, तो मला खरंच महत्त्वाचा वाटतो. एए जन्मलं तेच ख्रिस्ती मंडळींच्या आसपास. एएच्या दोन संस्थापकांपैकी एक, बिल विल्सन, १९३४ च्या डिसेंबरमध्ये दारू सोडून ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत वावरत होते, त्यात स्वतःची झडती, कबुली, भरपाई हे सगळं आधीपासून होतं. १९३५ च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच अॅक्रन शहरात गेले, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि भिंतीवर चर्चेसची यादी. त्यांनी यादीतल्या एका पाळकांना फोन लावला की मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्या धाग्यातूनच त्यांची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि १० जून १९३५, डॉक्टर बॉब यांच्या शेवटच्या पेगचा दिवस, हा एएचा स्थापनादिवस मानतात. नंतर एए ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळं झालं, 'आम्हाला जसा समजला तसा देव' असं मोकळं ठेवलं, आणि त्यामुळेच ते सगळ्या धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्या लोकांपर्यंत पोचलं, त्याबद्दल मला नुसता आदर आहे.

पण चर्चच्या बाजूने बघा काय झालं. एएच्या कितीतरी मीटिंगा वर्षानुवर्षं चर्चच्या तळघरात भरतात आणि रविवारी वर बाकांवर बसणाऱ्यांना खाली कोण येतं ते माहीतच नसतं. जागा दिली, चावी दिली, संपलं. सेलिब्रेट रिकव्हरीने त्या माणसांना वर आणायचा मार्ग काढला. आणि माझा कापलेला स्टार इथेच आहे, कारण बहुतेक ठिकाणी वर आणल्यानंतरही त्यांना एका कोपऱ्यातच ठेवलं जातं.

म्हणजे असं बघा. ज्या संध्याकाळी मीटिंग असते त्या संध्याकाळी हा माणूस मोकळेपणाने सांगतो की या आठवड्यात मला तीनदा तलफ आली. रविवारी तोच माणूस उपासनेला येतो आणि कुणी कसं काय विचारलं की 'छान, देवाची कृपा' म्हणतो, कारण रविवारी तसंच म्हणायचं असतं. एकाच इमारतीत दोन चर्चेस झाली की. रिकव्हरीवाले म्हणजे 'ते लोक'. मंडळीतल्या कुणाच्या मुलाचं व्यसन असेल तर ते दुसऱ्या गावच्या मीटिंगला जातात, आपल्या चर्चमधल्या नाही, यावरूनच काय ते ओळखा. ते पाच नियम रविवारच्या सेल ग्रुपला, युवक सभेला, अगदी कमिटीच्या मीटिंगला का लागू होत नाहीत? आमच्याकडे एका वडीलधाऱ्या पंचांनी, ज्यांना कुठलंही व्यसन नाही, छोट्या ग्रुपमध्ये बसून स्वतःच्या रागाबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि त्यानंतर रविवारी येणारे लोक त्या संध्याकाळीही दिसायला लागले. पोस्टर लावून, स्टेजवरून घोषणा करून जे झालं नव्हतं ते एका माणसाच्या बसण्याने झालं. पास्टरांनी नुसता आशीर्वाद देऊन चालत नाही, त्यांनी किंवा पुढच्या फळीतल्या कुणीतरी स्वतः खुर्चीत बसावं लागतं.

साक्षीबद्दल. प्रोग्रामच्या पद्धतीत साक्ष आधी लिहून काढायची असते, लीडरला दाखवायची असते आणि वाचूनच दाखवायची असते. लोकांना हे कोरडं वाटतं, आत्म्याच्या प्रेरणेने बोलू द्या की म्हणतात. नाही. लिहिल्याने माणूस किती सांगायचं आणि घरच्यांचं काय झाकायचं ते ठरवू शकतो. पण बरीच चर्चेस काय करतात, दोन-तीन महिने दारू सोडलेल्या माणसाला उत्साहाने रविवारच्या उपासनेत उभं करतात, टाळ्या, हालेलुया, फोटो, युट्यूबवर व्हिडिओ. मग तो घसरला तर? ज्या चर्चने त्याला चमत्कार म्हणून दाखवलं त्या चर्चच्या दारात तो परत कुठल्या तोंडाने येणार? मी असा एक मुलगा बघितलाय, तो परत आलाच नाही. त्यामुळे माझं म्हणणं, स्टेप स्टडी पूर्ण झाल्याशिवाय स्टेज नाही, आणि व्हिडिओ तर नाहीच नाही. एएने प्रसिद्धीच्या बाबतीत नाव न सांगण्याची परंपरा ठेवली ती उगाच नाही.

घसरण्याबद्दल बोललोच आहोत तर, चिपची पद्धत मला मनापासून आवडते. व्यसनाशिवाय ठरावीक काळ गेला की त्याची खूण म्हणून एक छोटी चकती, म्हणजे चिप, मिळते आणि घसरून परत आलेल्याला पुन्हा पहिल्या दिवसाची चिप घेता येते. आमच्याकडे वर्षाच्या चिपपेक्षा पहिल्या दिवसाच्या चिपला जास्त जोरात टाळ्या पडतात, हे कुणी ठरवलेलं नाही, होतंच तसं. भाऊ मधे एकदा घसरला होता, परत पुढे जाऊन ती चिप घेताना त्याला पाय उचलत नव्हते म्हणे, आणि टाळ्या ऐकून त्याला आधी वाटलं दुसऱ्याच कुणासाठी आहेत.

आता औषधं आणि डॉक्टर, इथे मी हात जोडून सांगते. वेगळ्याच एका चर्चमध्ये भावाला सांगितलं गेलं होतं की विश्वास असेल तर गोळ्या कशाला. हे बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसेल पण यात माणूस मरू शकतो. खूप वर्षं, खूप पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट्स येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, थरकाप, ताप अशी अवस्था येते तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, उपचार नसतील तर ती जीवघेणी ठरते. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांचंही तसंच, त्या एकदम सोडायच्या नसतात. त्यामुळे बाटली आजच फेक आम्ही रात्रभर प्रार्थना करतो हे धोक्याचं आहे, आधी डॉक्टर, प्रार्थना हॉस्पिटलच्या खाटेशेजारी बसूनही होते. हेरॉइन किंवा तसल्या ओपिऑइडचं म्हणजे अफूच्या जातीतल्या ड्रग्जचं उलट, काही काळ बंद राहिलं की शरीराची सहन करायची ताकद कमी होते आणि माणूस घसरून पूर्वीएवढाच डोस घेतो आणि जातो. म्हणून रिहॅबमधून किंवा तुरुंगातून नुकतेच सुटलेले लोक सगळ्यात जास्त धोक्यात असतात, नेमके तेच जे चर्चच्या दारात येतात. नॅलोक्सोन नावाचं औषध असतं, नाकात मारायचा स्प्रे पण मिळतो, ओव्हरडोसमध्ये श्वास परत आणू शकतो. ज्या देशात ते चर्चला ठेवता येतं तिथे ते ठेवा आणि दोन-चार जणांनी वापरायला शिकून घ्या.

ओपिऑइडसाठी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, दारूसाठी नालट्रेक्सोन वगैरे डॉक्टरांनी दिलेलं औषध घेणारा माणूस व्यसनमुक्त नाही असं म्हणणारे ग्रुप अजूनही आहेत. एएचं स्वतःचं साहित्य सांगतं की कुठल्याही सदस्याने डॉक्टरकी करू नये. चर्चच्या ग्रुपने हे भिंतीवर लावावं इतकं महत्त्वाचं आहे. डायबेटिसच्या पेशंटला कुणी इन्सुलिन सोड म्हणत नाही ना.

काही लोक विचारतात याने खरंच फायदा होतो याचा पुरावा काय. २०२० मध्ये कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, एक मोठा आढावा आला, २७ अभ्यास आणि १०,५६५ लोक, त्यात दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एए आणि एएकडे नेणारे उपचार हे दुसऱ्या नावाजलेल्या उपचारांच्या तोडीस तोड किंवा त्यांच्यापेक्षा बरे ठरले. पण तो एएबद्दल आणि दारूबद्दल आहे. चर्चमधल्या प्रोग्रामवर त्या दर्जाचे अभ्यास फारसे झालेले नाहीत, त्यामुळे स्टेजवरून अमुक टक्के लोक बरे होतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि तुम्ही सांगणारे असाल तर सांगू नका.

एक छोटी गोष्ट जी बहुतेक चर्चेसना सुचतच नाही, प्रभुभोजन. ज्या मंडळीत खरी वाइन देतात तिथे दारू सोडलेला माणूस रांगेत उभा राहून काय काय सोसत असतो याचा विचार करा, प्याला जवळ येताना वासच आधी येतो. प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये द्राक्षाचा रस वापरायची पद्धत आली तीच मुळात यातून, १८६९ मध्ये थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस आंबू नये म्हणून पाश्चराइझ केला तो प्रभुभोजनासाठीच. कॅथलिक परंपरेत वाइनच लागते पण तिथे नुसती भाकर घेतली तरी ख्रिस्त पूर्ण मिळतो अशी शिकवण आहे. जिथे रस आणि वाइन दोन्ही ठेवता येतात तिथे ठेवा आणि कुठल्या प्याल्यात काय ते आधी सांगा, माणसाला रांगेत विचारायला लावू नका.

आणि कामं द्या. साक्ष द्यायला नाही, काम करायला बोलवा. खुर्च्या लावणं, दिवे बंद करणं, पार्किंगमध्ये उभं राहणं. भावाकडे खुर्च्या लावायचं काम आल्यापासून तो मीटिंगच्या आधी तासभर येतो, कारण तो आला नाही तर लोक उभे राहतील. इतक्या वर्षांत आमच्या घरातसुद्धा त्याच्यावर कुणी काही सोपवलं नव्हतं. पैशाची पेटी आणि चाव्या मात्र घाईने देऊ नका, दिल्याने विश्वास दिसतो हे खरं पण तो त्याच्यावर टाकलेला भारच होतो.

आठवड्यात मीटिंग एकच असते आणि तलफ रोज येते, त्यामुळे मधल्या दिवसांचं बघा. प्रोग्राममध्ये स्पॉन्सर म्हणजे याच वाटेने आधी गेलेला मार्गदर्शक आणि सोबती असे दोन्ही असतात, पुरुषाला पुरुष, बाईला बाई, आणि त्यांचे नंबर खिशात असतात. पण ग्रुप नवीन असेल तर स्पॉन्सर होण्याइतके जुने लोकच नसतात, मग एकदोन जण सगळ्यांचे फोन घेत राहतात आणि वर्षाच्या आत थकून जातात. लीडर स्वतः कुणाशी बोलतो हे ठरवल्याशिवाय सुरूच करू नका. जवळच्या एए किंवा एनए म्हणजे ड्रग्जवाल्यांच्या नार्कोटिक्स अनॉनिमसच्या मीटिंगशी स्पर्धा करण्यात काही अर्थ नाही, आमचे बरेचसे लोक दोन्हीकडे जातात आणि त्यांचं बरं चाललंय.

घरच्यांसाठीचा ग्रुप नसता तर मी दोन स्टार कापले असते. १९५१ मध्ये बिल यांच्या पत्नी लोइस विल्सन यांनी दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन उभं केलं ते याच जाणिवेतून की घर पण आजारी पडतं. मी आमच्या घरच्यांच्या ग्रुपमध्ये शिकले ते म्हणजे भावाच्या खिशाची झडती घेणं बंद करणं, त्याच्या वतीने ऑफिसात खोटं सांगणं बंद करणं, आणि त्याचा दिवस चांगला गेला की माझा चांगला, वाईट गेला की वाईट, हे थांबवणं. अजून पूर्ण थांबलेलं नाही. दर आठवड्याला जातेच.

शेवटचं, हा प्रश्न सारखा येतो: ख्रिस्ती नसेल तर चालेल का? बसायला, ऐकायला, बोलायला चालतं, दारात कुणी काही विचारत नाही, निदान आम्ही तरी नाही. पण हा प्रोग्राम उघडपणे ख्रिस्ती आहे, उच्च शक्ती म्हणजे येशू ख्रिस्त हे त्यात स्पष्ट आहे आणि ते बदलता येत नाही, गाणी आहेत, बायबल आहे, प्रार्थना आहे. हे पहिल्या फोनवरच सांगावं असं मला वाटतं, मदतीच्या नावाखाली बोलावून आत आल्यावर कळायला नको. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी एए आहे, एनए आहे, देवाचा विषयच नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी आहे, तिच्या ऑनलाइन मीटिंगही असतात. मी दारात उभी असते तेव्हा माझ्याकडे या सगळ्यांची माहिती एका कागदावर असते आणि कुणी संकोचून मागे वळताना दिसलं तर तो कागद मी हातात देते.